अंतरपाटाआडचा उमेदवार

हंबीरराव जगदाळे यांच्या मनात कुणाविषयी दुजाभाव नाही, हे सगळ्या साताऱ्याला माहीत होतं; निदान हंबीररावांनी ते सगळ्या साताऱ्याला सांगितलेलं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ते प्रशासन अधिकारी. "आपल्याला सगळे सारखे," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि म्हणताना दोन्ही तळहात पुढं धरून तराजूसारखे वरखाली करत. तराजू वरखाली होतोय म्हणजे पारडी सारखी नाहीत, हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही. साहेबांच्या तळहाताला हात घालणार कोण?

नवा माणूस समोर आला की हंबीररावांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "गाव कुठलं?" गाव कळलं की गावातले कोण, ते कळलं की त्यांची बहीण कुठं दिली, आणि बहिणीच्या सासरवरून हंबीरराव बघता बघता स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोचत. नातं सापडलं की पुरा चहा. नाही सापडलं तरी चहा व्हायचाच, पण कटिंग. यात वावगं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आपल्याकडं माणसाची ओळख अशीच होते, आणि ओळख नसलेल्या माणसाला काम द्यायचं म्हणजे न बघता कलिंगड घेण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं.

अशा सुखात असताना पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडून फर्मान आलं. सगळ्या अधिकाऱ्यांनी संगणकावर एक चाचणी द्यायची. माणसाच्या मनात त्याच्याही नकळत काय काय पूर्वग्रह दडून बसलेले असतात, ते म्हणे ही चाचणी बाहेर काढते. पडद्यावर भराभर चित्रं आणि शब्द येणार, आपण डावीकडचं नाहीतर उजवीकडचं बटण दाबायचं, विचार करायला वेळ नाही. हंबीरराव चष्मा पुसून, बाह्या सारून बसले. बाईच्या चित्राशेजारी 'स्वयंपाक' आला तेव्हा त्यांचं बोट आपोआप खाली गेलं. बाईच्या चित्राशेजारी 'प्रमुख' आला तेव्हा मात्र बोट हवेतच राहिलं आणि तेवढ्यात चित्र निघून गेलं. निकाल लगेच लागला. स्त्री सहकाऱ्यांविषयी सुप्त पूर्वग्रह, प्रमाण तीव्र.

"तीव्र!" संध्याकाळी घरी येऊन हंबीररावांनी पिशवी टेबलावर आपटली. "अगं, ज्यानं उभ्या आयुष्यात बाईमाणसाला अरेतुरे केलं नाही, त्याला ते यंत्र तीव्र म्हणतंय."

राजेश्वरीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आवं, एवढ्यासाठी पुण्याचं यंत्र कशापायी? मला इचारायचं. मी फुकटात सांगितलं आसतं."

घरचा आहेर मिळाल्यावर हंबीरराव दाराबाहेर पडले आणि सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. तिथं सल्ल्याला तोटा नव्हता. तळमजल्यावरचे आप्पासो जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, त्यांना जगातलं कुठलंही दुखणं अर्जानं बरं होतं असं वाटायचं. "यंत्राच्या विरोधात अर्ज टाक," ते म्हणाले. "प्रत माहितीसाठी वरिष्ठ यंत्राला." दुसरे नाथाजी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता हंबीररावांच्याच कंपनीच्या गेटवर सुरक्षेचे प्रमुख. त्यांचा आवाज असा, की त्यांनी 'चहा घेतो का' विचारलं तरी माणूस उठून उभा राहायचा. "अर्जाबिर्जानं काय हुतंय रं?" नाथाजी म्हणाले. "काम करून दाखव गड्या. सांगलीची निवड तुझ्याच हातात हाय न्हवं? ती अशी कर, की यंत्रानं तोंडात बोट घालावं."

हंबीररावांना हे एकदम पटलं. सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला प्रमुख नेमायचा होता आणि निवड करून नाव पुण्याला कळवायचं काम त्यांच्याकडं होतं. तिघांचे अर्ज आले होते. एक ऋषिराज, विक्री विभागातला, हसतमुख आणि हंबीररावांच्याच तालुक्यातला. त्याच्या चुलत्याची मेहुणी हंबीररावांच्या भावकीत दिलेली, म्हणजे पुऱ्या चहाचा माणूस. दुसरा जयराज, कराडचा. तिसरी अर्फा, तक्रार विभागातली.

अर्फाचं थोडं सांगायला हवं. साताऱ्यातून सांगली-मिरजेच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, मेकॅनिक पाठवायचा, चिडलेल्या शेतकऱ्याला शांत करायचं, हे सगळं ती कित्येक वर्षं करत होती. तिची आई, मेहरुनबी, मिरजेत एकटी असायची, आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उठाबसायला माणूस लागत होतं. एरवी शेजारीण बघायची; शनिवारी संध्याकाळी अर्फा एसटीनं मिरज गाठायची आणि सोमवारी पहाटे परत. सांगलीची जागा मिळावी म्हणून तिनं याआधी दोन खेपा अर्ज केला होता. दोन्ही खेपांना हंबीररावांनी तिला समोर बसवून, पाणी देऊन, मायेनं समजावलं होतं. "मॅडम, तिथं फिरतीचं काम आहे. कुठं आडरानात मोटर जळते, कुठं विहिरीवर जावं लागतं. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." या खेपेला अर्ज देताना अर्फानं पाणी घेतलं नाही. "या वेळी नाही झालं, तर मी राजीनामा देऊन मिरजेला जाते, साहेब," तिनं सरळ सांगितलं. "आईला आता एकटं ठेवता येत नाही." हंबीररावांना वाईट वाटलं. चांगली मुलगी होती, टायपिंगही स्वच्छ करायची.

तर आता ही निवड अशी करायची, की कोण समोर आहे हे हंबीररावांना कळताच कामा नये. ना नाव, ना गाव, ना चेहरा. युक्ती त्यांना दाढी करताना सुचली. उमेदवार पडद्याआड बसवायचा आणि पडद्याच्या अलीकडून मुलाखत घ्यायची.

पण पडदा हवा म्हटलं आणि तो मिळाला, असं कंपनीत होत नाही. भांडार विभागाच्या यादीत पंपाचे वायसर, नट, तेल, झाडू सगळं होतं, पडदा नव्हता. शेवटी तो 'शोभेच्या वस्तू' यात बसवावा असं ठरलं, पण शोभेच्या वस्तूंना पुण्याची मंजुरी लागत होती. पुण्यानं विचारलं, पडदा कशासाठी? हंबीररावांनी कळवलं, निःपक्षपातासाठी. उत्तर आलं की निःपक्षपात या शीर्षाखाली चालू वर्षी तरतूद नाही. बरं, पडदा मिळाला असता तरी लावायचा कुठं, हा प्रश्न होताच, कारण भिंतींना नुकताच रंग दिलेला आणि देखभाल विभागानं खिळा ठोकायला सक्त मनाई केलेली. म्हणजे कंपनीच्या भिंतीत निःपक्षपाताला खिळ्याएवढीसुद्धा जागा नव्हती.

यातून वाट राजेश्वरीबाईंनी काढली. ट्रंकेत लेकीच्या, रेश्माच्या, लग्नातला अंतरपाट होता. पांढरंशुभ्र कापड, मधोमध लाल रेशमानं भरलेलं स्वस्तिक. "दोघांनी दोन बाजूनं धरायचा. खिळा कशाला लागतोय?" त्या म्हणाल्या. "पर डाग पडला तर तुमास्नी घरात घ्यायची न्हाई, सांगून ठेवते. लय गुणाचा अंतरपाट हाय त्यो. त्याच्या आडनं जावई निघाला त्यो बी गुणाचा निघाला."

रात्रीच्या जेवणाआधी घरीच रंगीत तालीम झाली. आप्पासो पडद्याआड उभे राहिले आणि खोकले. "आप्पासो," हंबीररावांनी लगेच ओळखलं. नाथाजींनी तर फक्त श्वास घेतला, तरी ओळखू आले. आवाजाचं काय करायचं, हा नवाच पेच पडला. त्यावर आप्पासोंचा सल्ला कामी आला. मध्यस्थ ठेवायचा. उमेदवारानं मध्यस्थाच्या कानात सांगायचं, मध्यस्थानं शब्दाला शब्द मोठ्यानं बोलायचं. एकच आवाज सगळ्यांना, म्हणजे न्याय सारखा. हंबीररावांनी तळहाताचा तराजू वरखाली केला आणि आप्पासोंना मनापासून पुरा चहा पाजला.

मध्यस्थ म्हणून माया ठरली. ही पुण्याच्या कार्यालयातून शिकाऊ म्हणून आलेली मुलगी, बोलणं गोड आणि स्वच्छ. शिवाय स्वागतकक्षातली टेबलावरची घंटी तिच्याकडं दिली. हंबीररावांच्या तोंडून चुकून जरी ओळख विचारणारा प्रश्न निघाला, तर तिनं घंटी वाजवायची. हा नियम हंबीररावांनी स्वतः केला आणि खाली सही केली. सही करताना या घंटीची गरज पडायची नाही, याविषयी त्यांची खात्री होती.

मुलाखतीच्या दिवशी अंतरपाटाचं एक टोक गोदरेजच्या कपाटाच्या मुठीला बांधलं आणि दुसरं कॅन्टीनवाल्या रसूलच्या हातात दिलं. रसूलनं नंबर पुकारायचा आणि पडदा धरून उभं राहायचं. "साहेब, अक्षता आणू का?" त्यानं विचारलं. हंबीररावांनी त्याच्याकडं फक्त बघितलं. कामावर असताना ते विनोद करत नसत.

"नंबर एक!" रसूल ओरडला. पडद्यामागं कुणीतरी येऊन बसलं. हंबीरराव खाकरले, खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "हं. गाव कुठलं?"

टिंग.

"बरोबर, बरोबर. बरं, शेती किती आहे घरी?"

टिंग.

"अगं, नुसतं ऊस आहे का द्राक्षं, एवढंच."

टिंग.

हंबीरराव थांबले. इतकी वर्षं त्यांनी मुलाखती घेतल्या, पण हे प्रश्न काढून घेतल्यावर आपल्यापाशी विचारायला दुसरं काहीच उरत नाही, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं. शेवटी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि सांगली आठवल्यावर पूर आठवला. "समजा," ते म्हणाले, "कृष्णेचं पाणी चढतंय, सर्व्हिस सेंटरमध्ये शिरायला लागलंय. काय कराल?"

पडद्यामागं कुजबुज झाली आणि मायाचा गोड आवाज आला. "सर्वप्रथम मी आपल्याला फोन करीन आणि आपण सांगाल तसं करीन."

आता हा आवाज मायाचा आहे, हे हंबीररावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तर तिला नेमलं होतं. तरी कानाला बाईचा आवाज पडला आणि मनानं परस्पर ठरवून टाकलं की ही अर्फा. गरीब बिचारी, साधा निर्णय घेता येत नाही. त्यांनी कागदावर 'नम्र, पण पोच कमी' असा शेरा मारला, तीन गुण लिहिले, आणि अन्याय नको म्हणून पुसून चार केले.

"नंबर दोन!"

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा कुजबुज, पुन्हा मायाचा आवाज. "आधी लोकांचे दुरुस्तीला आलेले पंप उचलून मिरजेला उंचावर नेईन. कंपनीचा नवा माल त्यानंतर. कंपनीचा विमा आहे, शेतकऱ्याचा नाही. मग..."

"ठीक आहे, ठीक आहे," हंबीरराव मध्येच म्हणाले. ही पण अर्फाच वाटतेय, असं त्यांच्या मनात आलं, आणि दोन्ही अर्फा कशा असतील हा विचार काही मनात आला नाही. "भावना चांगली आहे. पण कंपनी भावनेवर चालत नाही." पडद्यामागून पुन्हा कुजबुज झाली. माया म्हणाली, "उत्तर अजून संपलेलं नाही, सर." "कळलं, कळलं," हंबीरराव म्हणाले आणि 'भावनिक. मोठी जबाबदारी झेपेल का, शंका' असं लिहून पुन्हा चार गुण दिले. दोघांनाही सारखे. तराजू कसा अगदी मध्यावर आला होता.

जेवणाच्या सुट्टीत घोटाळा झाला. रसूलच्या कॅन्टीनला मिसळ होती, आणि पुण्याच्या मायानं शेजाऱ्याचं बघून वर तर्री मागून घेतली. ठसका असा लागला की डोळे गळायला लागले आणि आवाज बसला तो बसलाच. बोलायला गेली की नुसती हवा यायची. हंबीरराव हवालदिल झाले. एक उमेदवार अजून बाकी, आणि न्यायाचा आवाज गेला. मग गेटवरून नाथाजींना बोलावून घेतलं. "शब्दाला शब्द बोलायचं, सुभेदार. आपल्या पदरचं काही नाही. कोण बसलंय तेही सांगायचं नाही." "हुकूम म्हंजी हुकूम," नाथाजी म्हणाले आणि पडद्यामागं गेले. माया घंटी घेऊन हंबीररावांच्या शेजारी बसली.

"नंबर तीन!" रसूलनं पुकारा केला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पूर आला, पाणी शिरलं. काय कराल?" हंबीररावांनी विचारलं, आणि अंतरपाटामागून नाथाजींचा आवाज तोफेसारखा निघाला.

"आधी लोकांचे दुरुस्तीला आलेले पंप उचलून मिरजेला उंचावर नेईन! कंपनीचा नवा माल त्यानंतर! कंपनीचा विमा आहे, शेतकऱ्याचा नाही!"

हंबीरराव नकळत ताठ बसले. "वा!"

"मग सेंटरचा फोन माझ्या मोबाइलवर वळवीन! शिरोळ, मिरज, पलूस, जिथं मोटर बुडेल तिथला शेतकरी आपल्यालाच फोन करणार! त्याला फोन लागला पाहिजे! पाणी उतरायच्या आत मेकॅनिक तयार ठेवीन! आणि आपल्याला फोन मग करीन, साहेब, आधी नाही! आधी केला तर आपण मला थांबा म्हणाल!"

हंबीररावांनी टेबलावर थाप मारली. काय निर्णयशक्ती! काय धमक! वरिष्ठाला तोंडावर सांगायची छाती! हा कुणीतरी फौजेतल्या घरचा पोरगा असणार, आपल्याच मातीतला. "बहाद्दरा, गाव कुठलं तुझं?" हे शब्द ओठांवर आले आणि टिंग झालं, पण हंबीररावांना त्याचं भानच नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'माणुसकी असलेला नेता. धाडसी.' आणि पुढं नऊ गुण. दहावा ठेवला तो पोरगं शेफारू नये म्हणून.

निकाल जाहीर करायला त्यांनी सगळ्या उमेदवारांना पडद्यामागं बोलावून घेतलं. स्वतः उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं. "मंडळी, आज या कंपनीत पहिल्यांदाच नाव, गाव, चेहरा न बघता निवड झालेली आहे. आणि ती झालेली आहे नंबर तीनची. सोड रे रसूल पडदा."

रसूलनं टोक सोडलं. सवयीनं नाथाजींच्या तोंडून "सावधान!" निघून गेलं. अंतरपाट खाली आला, आणि पलीकडं दोनच माणसं उभी होती. ऋषिराज आणि अर्फा.

"नंबर तीन कुठाय?" हंबीररावांनी विचारलं.

"मी," अर्फा म्हणाली.

"मग नंबर दोन?"

"तीही मीच, साहेब."

कपाटाच्या मुठीला अंतरपाट एका टोकानं लोंबकळत होता. ऋषिराज पुढं आला. "म्हणजे जयराज आलाच नाही?" तो आला नव्हताच, कराडला मामेभावाच्या साखरपुड्यात होता, हे मागाहून कळलं. "तिसऱ्याच्या जागी मॅडम दोनदा बसल्या? हे नियमात बसतं का, साहेब?"

"रसूल, तुला दिसत नव्हतं?" हंबीरराव गरजले.

"दिसत हुतं की. मला वाटलं दोनदा बलवायची पद्धत आसंल. पडदा धरायला सांगितला, त्यो धरला."

"आन सुभेदार, तुम्ही?"

"मी सकाळी गेटवर हुतो. दुपारी ह्या आल्या, मी वळखल्या. कोण हाय ते सांगू नका म्हणलासा, म्या सांगितलं न्हाई."

अर्फा शांत होती. "सकाळी तुम्ही माझं उत्तर मध्येच तोडलंत, साहेब. ते अर्धं राहिलं होतं. दुपारी जागा मोकळी होती म्हणून पूर्ण करायला आले. मी काही लपवलं नाही. पडदा तुमचाच होता."

हंबीररावांचे कान तापले. सगळ्यांदेखत, रसूलदेखत, फजिती. पण ऋषिराजनं टाकलेला दोर त्यांच्या हाताशी होता. एका उमेदवाराला एकच संधी, हे कुठल्याही शाळकरी पोराला मान्य व्हावं. अर्फाला बाद करायचं आणि चार गुणांवर ऋषिराज. नियमही राहिला, अब्रूही राहिली. "मला जरा विचार करावा लागेल," असं म्हणून त्यांनी समोरचे कागद उचलले, तेव्हा शेजारी बसलेली माया उरल्यासुरल्या घशातून काहीतरी म्हणाली. त्यांना वाकून कान पुढं करावा लागला.

"वाक्य तेच होतं, सर."

हंबीररावांनी कागद पाहिले. 'भावनिक. झेपेल का, शंका.' आणि खाली, त्याच पेनानं, त्याच हातानं, 'माणुसकी असलेला नेता.' तेच पंप, तीच मिरज, तोच विमा. आणि बिनधास्त ऋषिराजला आपण 'नम्र' लिहिलंय, तेही बाईचा आवाज ऐकून. यंत्रानं एका शब्दात सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोनदा लिहून ठेवलं होतं. त्यांना लाज वाटली. हंबीररावांना राग बऱ्याचदा यायचा, अपमान तर रोजच व्हायचा, पण लाज वाटल्याला बरीच वर्षं झाली होती, म्हणून छातीत नेमकं काय होतंय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

तेवढ्यात फोन वाजला. राजेश्वरीबाई होत्या. "आवं, अंतरपाटाला डाग तर न्हाई न्हवं पडला?"

"नाही," हंबीरराव कोपऱ्यात जाऊन हळूच म्हणाले.

"मग कोण निगालं आडनं?"

"अर्फा. पण जरा घोळ झालाय. ती दोनदा बसली. नियमाप्रमाणं बाद करता येईल, असं म्हणतोय..."

"काय म्हणताय?" पलीकडून आवाज चढला. "अंतरपाट सरल्यावर समूर जे माणूस हुभं आसतं ते आपलं म्हणायचं आसतंय. तितनं मागं फिरत्यात व्हय? मग माझा अंतरपाट नेला कशाला? चादर न्यायची हुती."

हंबीररावांनी फोन खिशात ठेवला. ते टेबलापाशी आले, आणि बसायच्या आधी पुण्याला फोन लावून सगळ्यांच्या देखत नाव कळवलं. सांगलीला अर्फा. पुण्यानं विचारलं, निवड कशी केली? "दोनदा केली," हंबीरराव म्हणाले. "पहिल्यांदा माझी चूक झाली होती. अहवाल पाठवतो, त्यात लिहितो."

ऋषिराज चहाला थांबला नाही. नाथाजींनी अर्फाला कडक सलाम ठोकला आणि गेटवर गेले. रसूलनं अंतरपाट सोडवून, झटकून, घडी घातली, डाग नव्हता. अर्फानं आईला फोन लावला, "अम्मी" म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. हंबीररावांनी रसूलला खूण केली. पुरा चहा आला.

अर्फा डोळे पुसून बसली. काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी हंबीररावांना एकच बोलता यायचं, आणि आपण ते हिच्याशी कधीच बोललेलो नाही, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. ऋषिराजला विचारलं होतं. रसूलला विचारलं होतं, सांगोल्याच्या बाजूचा निघाला होता. दारात रद्दी न्यायला येणाऱ्यालाही विचारलं होतं. हिला इतक्या वर्षांत फक्त 'मॅडम, एवढं जरा टाइप करून द्याल?' एवढंच. 'मुलगी मिरजेची' एवढं धरून ते चालले होते.

"अर्फा मॅडम," ते चाचरत म्हणाले, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

मायाचा हात सवयीनं घंटीकडं गेला. अर्फानं घंटी उचलून अलगद आपल्या बाजूला ठेवली.

"आरग, साहेब. मिरजेच्या पुढं. आम्ही मिरजेत नंतर आलो."

"आरग?" हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले. "अवो, आरगला आमच्या राजेश्वरीची थोरली बहीण दिलीय! तळ्याकडच्या वाटेला घर, दारात चिंच..."

"राजवर्धनदादांचं घर. त्यांच्या बांधाला बांध लागून आमचं शेत. त्यांच्या आईंनीच, म्हणजे तुमच्या मेहुणीबाईंनीच, मला सायकल शिकवली."

"म्हंजी तुमी तर घरातल्याच की!" हंबीरराव ओरडले. "मग इतकी वर्षं सांगितलं कसं न्हाई?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही, साहेब."

हंबीरराव हळूहळू खाली बसले. मग हात लांब करून त्यांनी अर्फाच्या बाजूची घंटी आपल्यापुढं ओढली, आणि स्वतःच एकदा वाजवली.